नदीतील मासे अचानक मेल्यास कारणाचा शोध कसा घ्यावा?

नदीच्या डोहात किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच पडलेला दिसतो. बातमी गावभर होते, लोक काठावर जमतात आणि तासाभरात कारणही ठरून जाते. कोणी म्हणतो कारखान्याने मळीचे पाणी सोडले, कोणी म्हणतो वरच्या शिवारातील औषध वाहून आले, तर कोणी शहराच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो. दोन-तीन दिवसांनी पाण्याचा नमुना घेतला जातो. 'घातक द्रव्य आढळले नाही' असा अहवाल येतो आणि प्रकरण तेथेच मिटते. पुढच्या हंगामात त्याच डोहात तेच पुन्हा घडते. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याच्या परिसरात मासे मेल्याच्या घटना अशाच वारंवार घडत आल्या आहेत.

हा प्रश्न फक्त मच्छीमार बांधवांचा नाही. त्याच पाण्यावर आपल्या उपसा योजना चालतात, जनावरे तेच पाणी पितात आणि पुष्कळ गावांची नळयोजनाही त्याच डोहावर असते. मासा चोवीस तास पाण्यात राहतो, त्यामुळे पाण्यातील बिघाड सर्वांत आधी त्याला भोवतो. तो का मेला हे समजले तर आपण, आपली जनावरे आणि आपले पीक वेळीच सावध होऊ शकतात. मात्र या शोधातील महत्त्वाचा पुरावा पहिल्या काही तासांतच हाती लागतो आणि त्या वेळी काठावर फक्त गावकरीच असतात. त्यांनी काय पाहावे, काय नोंदवावे आणि नमुने कसे घ्यावेत याची माहिती या लेखात दिली आहे.

मासे मरण्याची प्रमुख कारणे व त्यांची लक्षणे

१) प्राणवायूचा तुटवडा : नदीत मासे मरण्याचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासे कल्ल्यांवाटे घेतात. पाणी जितके गरम तितका प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानास एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशास सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू मानवतो. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्यांना त्रास सुरू होतो आणि २ च्या खाली ते मरू लागतात.

पाण्यात सांडपाणी, मळी, कुजणारा पालापाचोळा असे सेंद्रिय पदार्थ आले की जिवाणू ते कुजवतात आणि त्यासाठी पाण्यातीलच प्राणवायू वापरतात. मद्यार्क कारखान्यातील सांडपाण्याची, म्हणजे स्पेंटवॉशची, जैविक प्राणवायू मागणी लिटरला ४० हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असू शकते. नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरला, तर असे एक लिटर स्पेंटवॉश सुमारे ५ हजार लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू संपवू शकते. यावरून एखाद्या टँकरने काय होऊ शकते याची कल्पना यावी.

लक्षणे : मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि ताजे पाणी जेथे मिळते तेथे गोळा होतात. मोठे मासे आधी मरतात. मरळ, मागूर असे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे बहुधा वाचतात. मृत्यू मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सूर्योदयाच्या सुमारास सर्वाधिक दिसतात. पाण्याला कुजकट वास येतो आणि रंग काळपट दिसतो.

२) कीटकनाशके व इतर विषारी द्रव्ये : काही कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प मात्रेत मारक ठरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील सायपरमेथ्रीन व डेल्टामेथ्रीन ही त्यांपैकीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातलेले एन्डोसल्फानही माशांना अतिशय घातक होते.

लक्षणे : मासे गरगर फिरतात, वेड्यावाकड्या उड्या मारतात, अंगाला झटके येतात आणि मग ते उलटे होतात. मृत्यूला दिवस-रात्रीचे बंधन नसते. लहान मासे आधी मरतात. झिंगे, खेकडे, पाणकिडे हेही मेलेले आढळतात, परंतु पाण्यातील हिरवे शेवाळ जसेच्या तसे असते. मरळ आणि मागूरही मेले असतील तर केवळ प्राणवायूचा तुटवडा हे कारण पुरेसे ठरत नाही.

३) अमोनिया : सांडपाणी, शेणखताचे पाणी किंवा युरियायुक्त निचरा पाण्यात आला की अमोनिया वाढतो. त्याचा मुक्त स्वरूपातील भागच माशांना जास्त घातक असतो आणि हा भाग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त नसतो, परंतु सामू ९ झाला की सुमारे ३६ टक्के मुक्त होतो. म्हणून अमोनियाच्या आकड्यासोबत सामू व तापमान नोंदलेले नसेल तर त्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

४) शेवाळाची बेसुमार वाढ : पाणी साचलेले, कोमट आणि नत्र-स्फुरदाने समृद्ध असेल तर सूक्ष्म शेवाळ झपाट्याने वाढते आणि पाणी हिरवे, निळसर किंवा तपकिरी दिसू लागते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, तर रात्री स्वतःच वापरते. त्यामुळे दुपारी पाण्यात भरपूर प्राणवायू आणि पहाटे जवळजवळ काहीच नाही, असे घडते. ढगाळ हवामानात धोका आणखी वाढतो. काही जातींचे शेवाळ स्वतःच विष तयार करते.

५) रोग : रोगामुळे बहुधा एक-दोन जातींचेच मासे मरतात. मृत्यू एका रात्रीत न होता कित्येक दिवस थोडे थोडे होत राहतात. अंगावर जखमा, लाल चट्टे किंवा बुरशी दिसते. १९८८ मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या व्रणांच्या रोगात अशाच खोल लाल जखमा दिसतात. एकाच सकाळी सर्व जातींचे मासे मेले असतील तर रोगाची शक्यता फार कमी समजावी.

ओडर नदीचे उदाहरण

तर्क आणि तपास यांतील फरक समजण्यासाठी युरोपातील ओडर नदीत २०२२ साली घडलेली घटना अभ्यासण्यासारखी आहे. ही नदी चेक प्रजासत्ताकात उगम पावते, पोलंडमधून वाहते, पुढे पोलंड व जर्मनी यांची सीमा होते आणि बाल्टिक समुद्राला मिळते.

जुलै २०२२ च्या अखेरीस पोलंडमध्ये मेलेले मासे दिसू लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हे लोण जर्मनीच्या सीमेपर्यंत पोहोचले. नदीच्या सुमारे ५०० किलोमीटर लांबीत मासे मेले. युरोपीय आयोगाच्या फेब्रुवारी २०२३ मधील अहवालात मृत माशांचे वजन सुमारे ३६० टन धरले आहे. लोकांत घबराट पसरली. सुरुवातीला पाऱ्याचे नाव पुढे आले, मग एका औद्योगिक द्रावकाचे. कोणीतरी विष ओतले असावे असे समजून पोलंड सरकारने दोषी शोधून देणाऱ्यास १० लाख झ्लॉटींचे बक्षीसही जाहीर केले. परंतु शेकडो द्रव्यांसाठी पाणी व मासे तपासूनही, एवढे मासे मरतील इतके कोणतेही रसायन सापडले नाही.

उलगडा झाला तो साध्या नोंदींतून. ओडरकाठच्या फ्रँकफुर्ट या जर्मन शहराजवळ पाण्याची सतत मोजणी करणारे स्वयंचलित केंद्र होते. मासे मरण्याच्या काळात तेथे प्राणवायू कमी न होता उलट वाढला होता. सामूही चढला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे शेवाळाची मोठी वाढ झाली, असे तज्ज्ञांनी ताडले. त्यासोबत पाण्याची विद्युतवाहकताही चढलेली होती, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा खारे झाले होते. माशांबरोबर शिंपले व गोगलगायीही मेल्या होत्या. मग पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि त्यात प्रिम्नेसियम पार्वम नावाचे सोनेरी शेवाळ प्रचंड संख्येने आढळले. हे शेवाळ एरवी खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारे आहे. ते प्रिम्नेसिन नावाची विषे सोडते आणि या विषांमुळे माशांचे कल्ले निकामी होतात. पुढे पाण्याच्या नमुन्यांत ही विषेही सापडली. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस दोन्ही देशांच्या तज्ज्ञांच्या अहवालांत या शेवाळाचे नाव आले.

गोड्या पाण्याच्या नदीत हे शेवाळ एवढे वाढले, कारण खाणी व उद्योगांतून खारे पाणी नदीत येत होते, उन्हाळ्यामुळे प्रवाह घटला होता, पाणी तापले होते आणि त्यात अन्नद्रव्ये मुबलक होती. यांपैकी एकेका गोष्टीने एवढा अनर्थ झाला नसता. चारही गोष्टी एकत्र आल्या. खारे पाणी येणे थांबले नाही आणि २०२३ मध्ये नदीच्या वरच्या भागातील ग्लिविस कालव्यात मासे पुन्हा मेले.

आपल्या भागातील मासेही याच शेवाळाने मरतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. घ्यावयाचे धडे तीन आहेत. पहिला, सर्वांच्या तोंडी असलेले कारण तपासात टिकेलच असे नाही. दुसरा, घटनेपूर्वीपासून ठेवलेल्या तापमान, सामू, प्राणवायू व विद्युतवाहकता यांच्या नोंदी महागड्या तपासण्यांइतक्याच उपयोगी पडतात. तिसरा, वरच्या भागातील माहिती खालच्या भागाला वेळेवर मिळाली नाही, म्हणून जर्मनीतील यंत्रणेचे महत्त्वाचे दिवस वाया गेले. आपल्याकडेही वरच्या गावाने खालच्या गावाला ताबडतोब कळवले पाहिजे.

विद्युतवाहकतेचा आकडा शेतकऱ्यांना माती-पाणी परीक्षणाच्या अहवालामुळे परिचित आहे. ओडरमध्ये ती सुमारे २ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चढली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाच्या पाण्यासाठी २.२५ पर्यंतची मर्यादा आहे. म्हणजे केवळ क्षारतेचा विचार केला तर सिंचनाच्या वर्गात बसणाऱ्या पाण्यात हे संकट उभे राहिले. पिकाला चालणारे पाणी नदीतील जिवांना मानवेलच असे नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

पुरावा वाहून जातो

नदीतील नमुना उशिरा घेतला तर काय होते हे एका सोप्या हिशेबाने कळते. काठावर ३० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेपाशी प्रवाहात लिंबू किंवा असोला नारळ सोडावा आणि तो खालच्या खुणेपर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. समजा १०० सेकंद लागले, तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला ०.३ मीटर झाला. तळाशी व काठाशी पाणी सावकाश वाहते, म्हणून या आकड्यास ०.८५ ने गुणावे. सरासरी वेग सुमारे ०.२५ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ९०० मीटर येतो. या वेगाने १२ तासांत पाणी जवळपास ११ किलोमीटर खाली जाते. रात्री घातक पाणी येऊन गेले असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घाटावर भरलेल्या बाटलीत ते पाणी नसतेच. मग अहवालात काही न आढळणे यात नवल नाही.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. आग विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत गेली. डायसल्फोटॉन व थायोमेटॉन ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील द्रव्ये त्यांत होती. सोबत लाल रंगही मिसळल्याने पाणी तांबडे झाले. नदीतील वांब माशांचा फार मोठ्या प्रमाणावर नाश झाला. तेथे उगम माहीत होता आणि विषाचा लोंढा पुढे सरकत असताना ठिकठिकाणी पाण्याची मोजणी झाली, म्हणून विष व मृत्यू यांचा संबंध लावता आला. आपल्याकडे उगम बहुधा माहीत नसतो आणि पाण्याला लाल रंगही नसतो. म्हणून वेळ साधणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

मेलेल्या माशाच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मासा मेल्यावर बहुधा आधी तळाशी जातो आणि कुजताना पोटात वायू साठला की वर येतो. कोमट पाण्यात यास एक-दोन दिवस लागू शकतात. त्यामुळे फुगलेले, डोळे पांढरे पडलेले, कल्ले फिके झालेले मासे तरंगताना दिसले तर घटना आदल्या दिवशीची किंवा त्याआधीची आणि कदाचित वरच्या गावातील समजावी. कल्ले लाल व डोळे स्वच्छ असलेले मासे ताजे समजावेत.

गावकऱ्यांनी करावयाची कामे

१) वेळ लिहून ठेवावी. मेलेला मासा प्रथम कोणी, कोठे व किती वाजता पाहिला हे वहीत टिपावे. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घ्यावीत. त्यांत काठावरील ओळखीची खूण यावी.

२) कोण मेले आणि कोण वाचले हे पाहावे. मोठे की लहान, कोणत्या जातीचे, मरळ-मागूर जिवंत आहेत का, खेकडे, झिंगे, शिंपले, बेडूक यांची स्थिती काय आहे, हे नोंदवावे. या कामी मच्छीमार बांधवांची नजर सर्वांत उपयोगी पडते.

३) मोजणी करावी. काठाची १०० मीटर लांबी निवडून तेवढ्यातील मेलेले मासे जातवार मोजावेत. दोन-तीन ठिकाणी असे केल्यास नुकसानीचा अंदाज येतो.

४) वरच्या दिशेने चालत जावे. जेथे मासे जिवंत व नेहमीसारखे फिरताना दिसतात ते ठिकाण शोधावे. त्या ठिकाणापासून मेलेल्या माशांच्या पहिल्या ठिकाणापर्यंत मिळणारे ओढे, नाले, सांडपाण्याच्या वाहिन्या, जॅकवेल यांची यादी करावी. शोधाचा पट्टा असा आखून घेतल्याने तपास करणाऱ्यांचे निम्मे काम होते. कोणत्याही आस्थापनेच्या आवारात शिरू नये किंवा वाद घालू नये.

५) मागील तीन दिवसांतील घडामोडी लिहाव्यात. पाऊस झाला का, आभाळ होते का, बंधाऱ्याचे बरगे काढले किंवा घातले का, धरणातून आवर्तन सुटले किंवा बंद झाले का, जवळच्या शिवारात फवारणी झाली का. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी नाल्यांतील साचलेली घाण एकदम नदीत आणते. तसेच बरगे काढताना फुगवट्याच्या तळाचे प्राणवायूरहित पाणी व गाळ ढवळून खाली जातो. पहिल्या पावसात मासे मरण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

६) ताबडतोब कळवावे. ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जवळचे कार्यालय, मत्स्यव्यवसाय विभाग व खालच्या बाजूची गावे यांना कळवावे. दूरध्वनीनंतर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

नमुने कसे घ्यावेत?

अ) पाण्याचे नमुने किमान तीन ठिकाणचे असावेत : वर, जेथे मासे जिवंत आहेत, मध्ये, जेथे मासे मरत आहेत, आणि खाली. वरच्या ठिकाणचा नमुना नसेल तर तुलना करता येत नाही आणि इतर नमुन्यांचे महत्त्व कमी होते.

आ) काठावरचे साचलेले पाणी न घेता वाहत्या पाण्यात, पृष्ठभागाच्या एक वीतभर खाली, बाटलीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेकडे करून पाणी भरावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी व पाण्याखालीच बूच लावावे.

इ) कीटकनाशकांच्या तपासणीसाठी गडद रंगाची, स्वच्छ काचेची बाटली वापरावी. औषधाची, मद्याची किंवा तेलाची जुनी बाटली वापरू नये. ही बाटली नदीच्या पाण्याने विसळूही नये. सामू, क्षार व अमोनियासाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली चालते.

ई) प्राणवायूची मोजणी शक्यतो जागेवरच व्हावी लागते, कारण बाटलीतील प्रमाण तासागणिक बदलते. जवळच्या महाविद्यालयात किंवा मत्स्यपालकाकडे मापक असेल तर सूर्योदयापूर्वी व दुपारी दोन-तीनच्या सुमारास अशा दोन नोंदी घ्याव्यात. या दोन आकड्यांत फार मोठे अंतर आढळले तर शेवाळाकडे लक्ष द्यावे.

उ) मासा मरणपंथाला लागलेला किंवा नुकताच मेलेला असावा. कुजलेल्या माशापासून काही निष्पन्न होत नाही. हातमोजे घालून दोन-तीन जातींचे प्रत्येकी तीन-चार मासे घ्यावेत, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळावेत आणि बर्फात ठेवावेत.

ऊ) प्रत्येक नमुन्यावर ठिकाण, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावावी. सर्व नमुने बर्फाच्या पेटीत, अंधारात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावेत.

गावकऱ्यांनी घेतलेला नमुना तपासाला दिशा देतो, मात्र न्यायालयात पुरावा म्हणून तो पुरत नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने, मोहोर लावून घेतलेला नमुनाच त्यासाठी ग्राह्य धरला जातो. म्हणून अधिकारी लवकर पोहोचतील याचा पाठपुरावा करावा आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहून आपल्या नोंदी त्यांना दाखवाव्यात.

अहवाल वाचताना

माशांसाठी योग्य पाण्याचा सामू ६.५ ते ८.५, प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया, नत्राच्या स्वरूपात, लिटरला १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी केंद्रीय मंडळाची वर्गवारी आहे. अहवालातील आकडे याच्याशी ताडून पाहावेत. त्यासोबत नमुना किती वाजता घेतला हेही पाहावे. दुपारी तीन वाजता मोजलेला प्राणवायू पुरेसा असला तरी पहाटे तो शून्याजवळ गेलेला असू शकतो.

'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'नव्हते' असा होत नाही. प्रयोगशाळा जे शोधावयास सांगितले तेच शोधते, आणि तेही तिच्या यंत्राच्या मर्यादेपर्यंत. म्हणून नमुना देताना आपण पाहिलेली लक्षणे लेखी द्यावीत. मासे गरगर फिरत होते असे सांगितले तर कीटकनाशकांची तपासणी आधी होईल, आणि पाणी रंगीत होते असे सांगितले तर सूक्ष्मदर्शक आधी बाहेर निघेल.

तातडीची खबरदारी

कारण कळेपर्यंत ते पाणी पिऊ नये व जनावरांना पाजू नये. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती जनावरांनाही विषबाधा करतात आणि पाणी उकळून ही विषे जातीलच असे नाही. मेलेले किंवा गुंगलेले मासे खाऊ नयेत, विकू नयेत, वाळवू नयेत आणि कोंबड्या-कुत्र्यांनाही घालू नयेत. फुकट मिळाले म्हणून पोतीच्या पोती भरून नेण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. भाजीपाल्यास ते पाणी देणे थांबवावे. मोजणी व नमुने झाल्यावर मासे विहिरीपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. ते नदीतच कुजू दिले तर उरलासुरला प्राणवायूही संपतो.

आपल्या शिवाराकडेही पाहावे

कारखाना किंवा शहर यांना जाब विचारणे रास्तच आहे, पण तपास प्रामाणिक असेल तर तो आपल्या बांधापर्यंतही येतो. डेल्टामेथ्रीन २.८ टक्के प्रवाही या कीटकनाशकाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम क्रियाशील घटक असतो. लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम इतकी मात्राही अनेक माशांना घातक ठरते. या हिशेबाने एक मिलिलिटर औषध सुमारे २५ हजार लिटर पाण्यात मायक्रोग्रॅमची पातळी गाठू शकते. गढूळ पाण्यात त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो हे खरे, पण उन्हाळ्यात आटलेल्या डोहाला तेवढ्याने संरक्षण मिळत नाही. म्हणून फवारणी पंप व मोकळे डबे नदीत, ओढ्यात धुऊ नयेत. धुतलेले पाणी शेतातच पडीक जागी, विहीर व पाटापासून दूर टाकावे. काठालगत काही मीटरचा गवताचा पट्टा राखावा, पावसाची चिन्हे असताना फवारणी करू नये आणि युरियाचे हप्ते विभागून द्यावेत.

याखेरीज नदीकाठच्या प्रत्येक गावाने एक नोंदवही ठेवावी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पाण्याचा रंग, वास, तापमान व पातळी लिहावी. महिन्यातून एकदा कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत सामू व विद्युतवाहकता तपासून घ्यावी. शाळेतील मुले, मच्छीमार बांधव आणि उपसा योजनेचा मोटार चालवणारा कामगार यांच्याकडून हे काम सहज होऊ शकते. घटना घडल्यावर 'पाणी नेहमीसारखे नव्हते' असे सर्वच सांगतात. नेहमीचे पाणी कसे होते हे मात्र लिहिलेलेच असावे लागते. ती वही गावाकडे असेल, तर मासे पुन्हा मेल्यास गावाचे म्हणणे आकड्यांनिशी मांडता येईल आणि खऱ्या कारणापर्यंत पोहोचता येईल.